४० पैशांचं पान: दिल्ली विद्यापीठातल्या कोर्सपॅकच्या खटल्याचा अभ्यास

ऑगस्ट २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात एक दावा दाखल झाला. वादी होते ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेस, केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेस आणि टेलर अँड फ्रान्सिस. विद्यापीठीय ग्रंथप्रकाशनात यांच्याहून मोठी नावं फारशी सापडणार नाहीत. प्रतिवादी दोन होते. पहिलं, दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातलं 'रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस' नावाचं झेरॉक्सचं दुकान. दुसरं, खुद्द दिल्ली विद्यापीठ. नुकसानभरपाईची मागणी ६० लाख रुपयांची.

शाळा-कॉलेजांतले शिक्षक आणि ग्रंथपाल कॉपीराइटबद्दल बोलायला लागले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "पुस्तकाची किती पानं झेरॉक्स केलेली चालतात?" आणि कुणीतरी तितक्याच ठामपणे सांगतं, "दहा टक्के." हा आकडा आपल्या कायद्यात कुठेही नाही. मग कायद्यात आहे तरी काय, हे या खटल्याइतकं स्पष्टपणे दुसरीकडे उलगडलेलं माझ्या पाहण्यात नाही. म्हणून त्याची ही तपशीलवार मांडणी.

दुकानात काय चालत होतं

सामाजिक शास्त्रांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात एका विषयासाठी एकच पाठ्यपुस्तक नसतं. शिक्षक वाचनाची यादी लावतात: या ग्रंथातलं तिसरं प्रकरण, त्या संपादित खंडातला एक लेख, आणखी कुठल्यातरी पुस्तकातली वीस पानं. यादीतले बरेच ग्रंथ परदेशी आणि महाग असतात. ग्रंथालयात त्यांची एखाद-दुसरी प्रत असते, आणि परीक्षा मात्र सगळ्या वर्गाची एकाच आठवड्यात येते.

यावर विद्यापीठाने काढलेली वाट अशी होती. शिक्षकांनी ठरवलेल्या यादीप्रमाणे ग्रंथालयातली पुस्तकं दुकानात जायची, नेमून दिलेल्या पानांच्या झेरॉक्स निघायच्या आणि त्या एकत्र बांधून विद्यार्थ्यांना मिळायच्या. त्या जुडग्याला कोर्सपॅक म्हणत. दुकान विद्यापीठाच्या परवान्यावर चालत होतं आणि दरही विद्यापीठानेच ठरवलेला होता, पानाला ४० पैसे. हा दर निकालात फार महत्त्वाचा ठरला.

प्रकाशकांनी चार कोर्सपॅक न्यायालयापुढे ठेवले. त्यांचं म्हणणं असं, की ही चोरून केलेली पुस्तकविक्रीच आहे आणि तीही विद्यापीठाच्या आशीर्वादाने. न्यायालयाने पाहणीसाठी कमिशनर नेमला, दुकानातल्या प्रतींची यादी झाली. १७ ऑक्टोबर २०१२ रोजी अंतरिम मनाई हुकूम निघाला आणि वादींच्या पुस्तकांचे कोर्सपॅक काढणं बंद झालं. ही मनाई सप्टेंबर २०१६ पर्यंत टिकली. एम.ए. दोन वर्षांचं असतं. म्हणजे विद्यार्थ्यांच्या किमान दोन तुकड्या निकाल लागायच्या आत शिकून बाहेर पडल्या. कायद्याच्या चर्चेत हा भाग सहज निसटतो, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

विद्यार्थी मात्र गप्प बसले नाहीत. त्यांनी आपली संघटना स्थापन करून खटल्यात हस्तक्षेप केला, प्राध्यापकांच्या एका संस्थेनेही केला. अमर्त्य सेन यांची पुस्तकं ऑक्सफर्डनेच छापलेली. त्यांनी प्रकाशकांना पत्र लिहून हा दावा पुढे न नेण्याची विनंती केली. पुढे तीनशेहून अधिक लेखक-अभ्यासकांनी जाहीर पत्र काढलं. ज्यांचं लेखन त्या चार कोर्सपॅकांत होतं असे तीसेक लेखकही त्यात होते. लेखकांच्या हक्कांसाठी लढतो म्हणणाऱ्या दाव्याला त्याच लेखकांनी विरोध केल्याची अशी उदाहरणं विरळाच.

वादाचा गाभा: कलम ५२

कॉपीराइट कायदा १९५७ चा. कलम ५१ सांगतं की हक्काचा भंग कशाने होतो. कलम ५२ मध्ये एक लांबलचक यादी आहे: या गोष्टी केल्या तर भंग होत नाही. शाळा आणि ग्रंथालयांचं जवळजवळ सगळं जग या यादीत आहे.

यादीच्या सुरुवातीलाच 'रास्त वापरा'ची मुभा आहे: खासगी किंवा व्यक्तिगत उपयोग, त्यात संशोधन आलं, टीका किंवा परीक्षण, चालू घडामोडींचं वार्तांकन. अमेरिकेत रास्त वापर कोणत्याही हेतूसाठी सांगता येतो आणि तो रास्त आहे की नाही हे चार कसोट्यांवर पाहतात: वापराचा हेतू, मूळ कृतीचं स्वरूप, घेतलेला भाग किती, बाजारावर परिणाम काय. आपल्याकडे तसं नाही. आपल्या कायद्याने हेतू नावानिशी सांगितलेले आहेत आणि शिक्षणासाठी तर स्वतंत्र पोटकलमं दिली आहेत. इंटरनेटवरचे बहुतेक लेख अमेरिकी कायद्यावर लिहिलेले असल्यामुळे आपल्याकडे गोंधळ होतो, तो इथेच.

या खटल्यात दोन पोटकलमं समोरासमोर आली. पोटकलम (ह) शालेय संकलनांबद्दल आहे. मुख्यतः कॉपीराइट नसलेल्या मजकुराचं, शैक्षणिक उपयोगासाठीचं संकलन प्रकाशित करताना त्यात इतरांचे छोटे उतारे घेता येतात. पण संकलन काढणाऱ्या एका प्रकाशकाला एका लेखकाच्या कृतींतले असे उतारे पाच वर्षांत दोनच. पोटकलम (आय) त्याहून मोकळं आहे. शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने शिकवण्या-शिकण्याच्या ओघात कोणत्याही कृतीची प्रत काढणं, परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत ती घेणं, उत्तरात देणं, यातलं काहीही भंग ठरत नाही. इथे पानांची मर्यादा नाही, टक्केवारी नाही.

प्रकाशकांनी मांडलं की कोर्सपॅक हे संकलन आहे, तेव्हा त्याला (ह)ची दोन उताऱ्यांची अट लागू होते. (आय) लावायचंच असेल तर ते एका शिक्षकाने वर्गात एका विद्यार्थ्याला शिकवताना काढलेल्या प्रतीपुरतं लावा. नफा कमावणाऱ्या दुकानाने वर्ग सुरू होण्याआधीच गठ्ठे बांधून ठेवणं त्यात बसत नाही. शिवाय झेरॉक्सच्या हक्कांचे परवाने देणारी एक नोंदणीकृत संस्था भारतात आहे, इंडियन रेप्रोग्राफिक राइट्स ऑर्गनायझेशन. विद्यापीठाने तिच्याकडून परवाना घ्यावा, शुल्क भरावं, मग आमची तक्रार नाही. त्यांनी अमेरिकेतले दोन निकालही दाखवले. १९९१ मध्ये किंकोज या झेरॉक्स कंपनीविरुद्ध आणि १९९६ मध्ये मिशिगनमधल्या अशाच एका दुकानाविरुद्ध तिथल्या न्यायालयांनी कोर्सपॅक बेकायदा ठरवले होते.

परवान्याचा मुद्दा वरवर समंजस वाटतो. पण त्यात एक मेख आहे. जी गोष्ट कायद्याने मुळात मोकळी ठेवली, तिच्यासाठी परवाना घेतला की ती परवान्याने मिळते असं कबूल केल्यासारखं होतं. मग पुढच्या वर्षी शुल्क वाढलं तर काय म्हणायचं?

१६ सप्टेंबर २०१६

न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. हा निकाल वकील नसलेल्यांनीही वाचावा असा आहे. कॉपीराइट हा अटळ, दैवी किंवा नैसर्गिक हक्क नाही, असं त्यांनी लिहिलं. लोकांच्या बौद्धिक समृद्धीसाठी निर्मितीला चालना मिळावी म्हणून कायद्याने तो दिलेला आहे. ज्ञानाचं पीक वाढावं हा त्याचा उद्देश, ते अडावं हा नव्हे.

पण मला यात सर्वांत जोरकस वाटतो तो तंत्रज्ञानाचा युक्तिवाद. एके काळी विद्यार्थी ग्रंथालयात बसून पानंच्या पानं हाताने उतरवून घेत. त्याला कुणी हरकत घेतली नाही. पुढे झेरॉक्स आली, आता तर विद्यार्थी मोबाइलवर पानाचा फोटो काढतो. न्यायमूर्तींचं म्हणणं असं: जे काम कष्टाने केलं तर गुन्हा नव्हतं, ते यंत्रामुळे सोपं झालं एवढ्याने गुन्हा होऊ शकत नाही. विद्यार्थ्याने स्वतः केलं तर चालतं, मग तेच विद्यापीठाने त्याच्यासाठी करवून घेतलं तर का चालू नये? आणि ४० पैसे हा दर पाहिला तर दुकान पुस्तकाशी स्पर्धा करत होतं असं म्हणता येत नाही. तो कागद, शाई आणि मजुरीचा दर आहे.

'शिकवण्याच्या ओघात' या शब्दांनाही त्यांनी तासाच्या घंटेत कोंडलं नाही. शिक्षक अभ्यासक्रम आखतो, वाचन नेमतो, विद्यार्थी तासाआधी वाचून येतो, नंतर उजळणी करतो, हा सगळा ओघच आहे. आणि आज शिक्षण एका गुरूने एका शिष्याला दिलेलं नसतं, ते संस्था देते. (ह)बद्दल त्यांनी सांगितलं की ते लोकांसाठी पुस्तक प्रकाशित करण्याविषयी आहे. वर्गापुरत्या प्रती काढणं ही निराळी गोष्ट.

९ डिसेंबर २०१६: खंडपीठाने काय बदललं, काय ठेवलं

प्रकाशक अपिलात गेले. न्यायमूर्ती प्रदीप नंदराजोग आणि न्यायमूर्ती योगेश खन्ना यांच्या खंडपीठापुढे सुनावणी झाली. (नंदराजोग पुढे २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती झाले.) बातम्यांत हा निकाल 'विद्यार्थ्यांचा विजय' एवढ्यावरच संपला, पण तो त्याहून बारकाईने दिलेला आहे.

कायद्याचा अर्थ खंडपीठाने बहुतांशी तोच लावला. वर्गात अनेक विद्यार्थी असतात तेव्हा 'शिक्षक किंवा विद्यार्थी' हे एकवचन अनेकवचनासकट वाचायचं. प्रत दुकानदाराने काढली म्हणून ती शिक्षकाची किंवा विद्यार्थ्याची राहत नाही असं नाही. अमेरिकेच्या चार कसोट्या इथे आणायचं कारण नाही, कारण आपल्या कलमाची घडण वेगळी आहे. बाजाराच्या प्रश्नावर खंडपीठाचं उत्तर असं, की कोर्सपॅक मिळाला नसता तर विद्यार्थ्याने यादीतले सगळे ग्रंथ विकत घेतले असते असं नाही. तो ग्रंथालयात जाऊन बसला असता. आणि शिकलेली माणसं वाढली तर पुस्तकांचा बाजार वाढतोच.

मग मर्यादा कशाची? इथे खंडपीठाने या खटल्यातलं सर्वांत उपयोगी सूत्र दिलं. वापर रास्त असलाच पाहिजे, पण तो मोजायचा हेतूवरून. शिकवण्याच्या हेतूला जेवढं लागतं तेवढं घेता येतं, मग ती पाच पानं असोत की पन्नास. चार कोर्सपॅकांत प्रत्येक पुस्तकाचा सरासरी नऊ टक्क्यांहूनही कमी भाग होता. हा आकडा न्यायालयापुढे आला, पण त्याची मर्यादारेषा झाली नाही. अमेरिकेतही असंच घडलेलं आहे. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजने आणखी एका प्रकाशकासह २००८ मध्ये जॉर्जिया स्टेट युनिव्हर्सिटीच्या अधिकाऱ्यांवर दावा लावला होता. त्यात खालच्या न्यायालयाने 'दहा टक्के किंवा एक प्रकरण' अशी मोजपट्टी लावली; ती २०१४ मध्ये अपिलात टिकली नाही.

पण खंडपीठाने दावा पुन्हा जिवंतही केला. दोन गोष्टी पुराव्यावरच ठरतील, असं त्यांनी सांगितलं. या चार कोर्सपॅकांत घेतलेला मजकूर शिकवण्याच्या हेतूला खरोखर लागत होता का? आणि दुकानात काही अख्ख्या पुस्तकांच्याही झेरॉक्स सापडल्या होत्या, त्या चालतात का? तोवर मनाई मात्र दिली नाही. फक्त दुकानाने कोर्सपॅकची नोंद ठेवून दर सहा महिन्यांनी ती न्यायालयात द्यावी असं सांगितलं.

पुरावा कधी झालाच नाही. ९ मार्च २०१७ रोजी प्रकाशकांनी दावा मागे घेतला. परवाने देणारी संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली; ९ मे २०१७ रोजी तिथेही तिची याचिका फेटाळली गेली.

आपल्या ग्रंथालयासाठी याचा अर्थ

हा निकाल दिल्लीचा. महाराष्ट्रातल्या न्यायालयांवर तो बंधनकारक नाही. तरीही कायदा सगळ्या देशाला एकच आहे आणि (आय)चा इतका सविस्तर अर्थ एका उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने लावला आहे, त्याचं वजन कुणालाही घ्यावंच लागेल. आपल्या एखाद्या महाविद्यालयात शिक्षकाने लेखी यादी दिली, ती अभ्यासक्रमाला धरून असली, प्रती त्या वर्गापुरत्याच निघाल्या आणि पैसे खर्चापुरतेच घेतले, तर ग्रंथपालाने घाबरून झेरॉक्स बंद करायचं काही कारण मला दिसत नाही. यादी मात्र लेखी हवी, शिक्षकाचं नाव आणि विषय त्यावर हवा. हेतूवरून मोजायचं ठरलं की हेतूचा कागद जवळ असावा.

झेरॉक्सऐवजी स्कॅन करून वर्गाच्या बंद ऑनलाइन गटात दिलं तर? २०१२ च्या दुरुस्तीनंतर हे पोटकलम 'कोणत्याही कृती'ला लागू झालं आहे. माझ्या मते तोच तर्क तिथेही लागू होतो, जोवर गट खरोखर त्या वर्गाचाच आहे. तीच फाइल हजारो अनोळखी लोकांच्या टेलिग्राम चॅनलवर गेली की शिकवण्याचा ओघ तुटला. तिथे हा खटला कुणाच्याच कामाला येणार नाही. खासगी क्लासने दुसऱ्याच्या पुस्तकातली प्रकरणं 'आमच्या नोट्स' म्हणून बांधून दोन हजार रुपयांना विकली, तर तेही या निकालाच्या आडोशाला येत नाही असं मी म्हणेन. ४० पैशांचा दर निकालात इतका वजनदार ठरला, तो काही उगाच नाही.

ग्रंथालयांसाठी कलम ५२ मध्ये आणखीही सोयी आहेत आणि त्या फार कमी वापरल्या जातात. भारतात विकत मिळत नसलेल्या पुस्तकाच्या, फायद्यासाठी न चालणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःच्या वापरासाठी तीनपर्यंत प्रती काढता येतात. ग्रंथालयाकडे असलेल्या कागदी प्रतीची जतनासाठी डिजिटल प्रत ठेवण्याची मुभा २०१२ मध्ये आली. गावोगावच्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या वाचनालयांत जुनी मासिकं कपाटात बुरशी धरून बसली आहेत. त्यांच्यासाठी ही तरतूद आत्ताच वापरायला हवी, कारण कागद कायद्याच्या चर्चेसाठी थांबत नाही. अंध वाचकांसाठी ब्रेल, ध्वनिमुद्रित किंवा स्क्रीनवर वाचता येईल अशी प्रत करायलाही कायद्याची आडकाठी नाही. आणि लेखकाच्या मृत्यूनंतरच्या नव्या वर्षापासून ६० वर्षं उलटली की हे सगळे प्रश्न उरतच नाहीत. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांनी हयातीत प्रकाशित केलेलं लेखन २०११ च्या आरंभापासून सर्वांचं आहे. डॉ. आंबेडकरांचं तसंच लेखन २०१७ पासून. पु. ल. देशपांडे २००० मध्ये गेले, त्यांच्यासाठी २०६० संपायची वाट पाहावी लागेल.

राहता राहिला अख्ख्या पुस्तकाचा प्रश्न. दावा मागे घेतल्यामुळे तो अनुत्तरित राहिला, आणि मराठीत नेमका तोच सर्वांत जास्त बोचतो. दिल्लीतला युक्तिवाद परदेशी ग्रंथांच्या किमतीवर उभा होता. विद्यार्थ्याने ते पुस्तक घेतलंच नसतं, हे तिथे खरं होतं. मराठीतलं दोनशे-तीनशे रुपयांचं, हजार-पाचशे प्रतींची आवृत्ती निघणारं वैचारिक पुस्तक घ्या. ते अभ्यासक्रमाला लागतं तेव्हा प्रकाशकाला पहिल्यांदा चार पैसे दिसतात, आणि त्याच वर्षी कॉलेजसमोरच्या दुकानात त्याची पूर्ण झेरॉक्स बांधून मिळते. इथे विद्यार्थी ग्राहक होता, आणि तो गेला. हेतूवरून मोजायचं तर तीच मोजपट्टी इथे उलट उत्तर देते: पुस्तक बाजारात आहे, परवडणारं आहे, तर शिकवण्याला त्याची पूर्ण झेरॉक्स 'लागते' असं कसं म्हणणार? अशा पुस्तकाच्या पाच-दहा प्रती महाविद्यालयाने विकत घेऊन राखीव कपाटात ठेवाव्यात आणि नेमलेल्या प्रकरणापुरतीच झेरॉक्स द्यावी. पुस्तकाची आवृत्ती संपली असेल तर आधी प्रकाशकाला पत्र पाठवावं. मराठीतले बहुतेक प्रकाशक एका फोनच्या अंतरावर असतात, आणि अभ्यासक्रमाला पुस्तक लागलंय म्हटल्यावर पुनर्मुद्रण करायला ते बहुधा आनंदाने तयार होतात.